गुरुवारचं रविवारी

किल्लीदादांचं दुकान इतकं अरुंद होतं की एक गिऱ्हाईक आत आलं की दादांना पोट आत ओढून घ्यावं लागे, आणि दोन आली तर दुसऱ्यानं बाहेर उभं राहून आपल्या कुलपाची कैफियत रस्त्याला सांगावी लागे. डावीकडे बेकरी, उजवीकडे चष्म्यांचं दुकान आणि मधल्या बोळकंडीत किल्लीदादा, त्यांचं किल्ल्या कापायचं मशीन आणि भिंतभर लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या. वारा आला की सगळी भिंत किणकिणायची. बेकरीवाला म्हणायचा, "दादा, तुमच्या दुकानाला हुडहुडी भरली बघा."

वय एकसष्ट. डोक्यावर केस नाहीत, ती सगळी भरपाई भुवयांनी केलेली. त्या झुडपांत दिवसभर पितळेचा कीस उडून बसायचा आणि उन्हात उभे राहिले की भुवया झगमगायच्या. त्यांची बायको म्हणायची, "देवानं यांना देवदूत करायला घेतलं होतं. भुवयांपर्यंत आला आणि चहाला गेला."

या किल्लीदादांना एक खोड होती. त्यांना जिथे तिथे धडे सापडायचे. बाकीच्यांना रस्त्यात छत्र्या सापडतात, यांना देवाचे धडे. कुलूप अडलं की लोक त्यात तेल ओततात. दोन दिवस बरं चालतं, मग त्या तेलावर धूळ बसते आणि कुलूप कायमचं धरतं. खरं औषध म्हणजे चिमूटभर पेन्सिलीच्या शिशाची पूड, दिसायला काळी, पण कामाची. किल्लीदादांनी हे आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगितलं, आणि एक दिवस सांगता सांगताच थांबले. म्हणाले, "अरे! आपणही एकमेकांना तेलच घालतो की. पूड लावणारा माणूस आपल्याला आवडत नाही."

किंवा किल्लीवरून किल्ली. मूळ किल्लीवरून एक कापली तर केसभर फरक पडतो. त्या नकलेवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी कापली, तर चौथीला दारातच घाम फुटतो. "म्हणून किल्ली मुळावरूनच कापावी," दादा म्हणायचे. "मी शेजारच्या भल्या माणसाकडे बघून भला व्हायला गेलो, तर त्याची चूक अधिक माझी चूक. प्रभूकडे बघावं. तिथे दाते झिजलेले नाहीत."

हे त्यांनी पहिल्यांदा ज्या माणसाला ऐकवलं तो त्यांच्याच मंडळीचा पाळक होता. नऊ वर्षांपूर्वी नवा नवा रुजू झाला होता आणि पहिल्याच रविवारी चर्चची किल्ली आत ठेवून दार ओढून घेऊन बाहेर उभा होता, तेव्हापासूनची ओळख. पाळक मोठा सज्जन, उंच, बारीक, आवाज असा की त्यानं दूधवाल्याचं बिल वाचलं तरी लोकांनी डोळे मिटावेत. पण विचार सुचण्याच्या बाबतीत आठवड्याचे चार दिवस अगदी कोरडे. गुरुवार उजाडला की त्याला रविवार दिसू लागायचा. मग तो किल्लीदादांच्या दुकानात येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा, गुडघे जवळजवळ हनुवटीला लावून, आणि म्हणायचा, "काय दादा, या आठवड्यात काय उघडलं?"

आणि दादा सांगायचे. रविवारी व्यासपीठावरून तेच यायचं, न्हाऊन माखून, भांग पाडून. "आपले किल्लीदादा म्हणतात..." एवढं ऐकलं की चौऱ्याऐंशी माना वळायच्या. किल्लीदादा अशा वेळी छताकडे असे बघायचे, जणू चर्चला छत आहे हे त्यांना आजच कळतंय. शेजारी बसलेली त्यांची एक्याऐंशी वर्षांची आई कोपरानं ढोसायची. "तुझंच चाललंय. सरळ बस."

आवडायचं त्यांना. खोटं कशाला बोला? सोमवारपासूनच तयारी चालायची. एकदा बायको चहा गाळत होती तेव्हा म्हणाली, गाळणीत राहतो तो चोथा आणि आपण मात्र तोच जपून ठेवतो, अमका काय बोलला, तमकी काय बोलली. किल्लीदादांनी कप तसाच खाली ठेवला. रविवारी गाळणी व्यासपीठावर.

"गाळणी माझी होती," बायको घरी येताना म्हणाली.

"अगं, देवाचं ते सगळ्यांचं."

"तरी नाव तुमचंच कसं झालं?"

आता या बोलघेवड्या माणसाच्या दुकानाचा एक कडक कायदा होता. कुणाच्या किल्लीची जास्तीची नक्कल ठेवायची नाही आणि कुणाचं दार उघडलं ते कुणाला सांगायचं नाही. कोणत्या घरात नवऱ्याला न कळता कपाटाची दुसरी किल्ली झाली, कोणाच्या म्हाताऱ्यानं पेटीला तीन कुलपं लावून तिन्ही किल्ल्या हरवल्या, सगळी गल्ली दादांच्या पोटात होती. तिथून ती कधी बाहेर आली नाही. चष्मेवाला एकदा खोदून खोदून विचारत होता. दादा म्हणाले, "मला कुलूप आठवतं, घर आठवत नाही."

त्या गुरुवारी सकाळी एक बाई आली. घाईत होती. दाराचं लॅच आत्ताच्या आत्ता बदलून हवं होतं, मुलगा कामावरून परत यायच्या आत. "त्याला आत येऊ द्यायचं नाही," ती म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही. दादांनीही विचारलं नाही. अशी कामं वर्षातून दोन-तीन असतात. जाऊन जुनं काढलं, नवं बसवलं, दोन किल्ल्या तिच्या हातात दिल्या. वीस मिनिटांचं काम. दुकानात परतले तेव्हा पाळक स्टुलावर बसलेला होता आणि दादा काढलेलं जुनं लॅच हातात धरून दारातच उभे राहिले.

"दादा, बरं नाही का?"

किल्लीदादांनी एकोणीस वर्षांत जे बायकोला सांगितलं नव्हतं ते त्या दिवशी सांगितलं.

त्यांना एक भाऊ होता, बारा वर्षांनी धाकटा. देखणा, गळा गोड, आणि पिणारा. आधी भिंतीवरचं घड्याळ गेलं. मग वडिलांचा कोट गेला. आई डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तीन दिवस दवाखान्यात होती, बायको तिच्या सोबतीला, आणि त्यातल्या दुसऱ्या दिवशी घरातला रेडिओ गेला. त्या संध्याकाळी किल्लीदादांनी घराचं कुलूप बदललं. दिवेलागणीला भाऊ आला. किल्ली घातली, फिरेना. काढली, सदऱ्याला पुसली, पुन्हा घातली. तिसऱ्यांदा घातली. मग एकदाच, अगदी हळू, "दादा?" किल्लीदादा दाराच्या फटीला डोळा लावून आत उभे होते, मध्ये फक्त एक फळी. त्यांनी ओ दिली नाही. पायऱ्या उतरल्याचा आवाज आला, आणि झालं.

"आणि मग, पाळकसाहेब," दादा म्हणाले, "आई यायच्या आधी मी जुनं कुलूप परत बसवलं. चार स्क्रू. आई डोळ्यावर पट्टी बांधून आली आणि तिची किल्ली लोण्यासारखी फिरली. म्हणाली, धाकटा कुठाय? मी म्हटलं, गेला. न सांगता गेला."

भाऊ दूर एका शहरात लॉन्ड्रीत कामाला लागला. दारू सुटून पंधरा वर्षं झाली होती. महिन्यातून एकदा आईला फोन करायचा. घरी मात्र कधी आला नाही. आणि आई एकोणीस वर्षं तेच म्हणत आली होती, "नालायक. आई आंधळी होऊन पडलेली, आणि हा तोंड न दाखवता गेला." त्यावर किल्लीदादा म्हणायचे, "जाऊ दे ना आई." काय मोठं मन, असं शेजारी म्हणायचे.

"प्रभू दाराशी येऊन उभा राहतो, हे मी लहानपणापासून ऐकतोय," दादा म्हणाले. "तो कसा येतो याचं मला कोडं होतं. सदऱ्याला किल्ली पुसत येतो, हे त्या दिवशी कळलं. पण कळून मी काय केलं?"

पाळकानं चष्मा काढला. डोळे पुसले. दादांच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं प्रार्थना केली, आणि किल्लीदादांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला चुकीची किल्ली कापून दिली. पाळक निघाला आणि बेकरीच्या कोपऱ्यावर थांबून छोट्या डायरीत काहीतरी लिहू लागला, तेही दादांना दिसलं. त्यांना वाटलं, पावाची यादी असेल.

रविवारी व्यासपीठावर पाळकानं गळा साफ केला आणि म्हणाला, "एक कारागीर होता. कुलपांचा कारागीर."

चौऱ्याऐंशी माणसांच्या त्या मंडळीत शिक्षक सात, परिचारिका पाच, शिवणकाम करणाऱ्या चार आणि कुलपांचा कारागीर एक होता. माना वळल्या. किल्लीदादा सवयीनं छताकडे बघू लागले आणि त्यांचं अंग बर्फ झालं.

पाळक बोलत राहिला. यापूर्वी कधी इतकं सुंदर बोलला नव्हता. घड्याळ आलं, कोट आला, रेडिओ आला. "बाहेर पाऊस कोसळत होता," पाळक म्हणाला, "आणि त्या पावसात भिजत धाकटा भाऊ दाराशी उभा होता." ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी रुमाल काढला.

पाऊस नव्हता, किल्लीदादांच्या मनात आलं. सगळं आकाश डोक्यावर कोसळत होतं आणि त्यांचं मन त्या एका गोष्टीला धरून बसलं होतं. पाऊस नव्हता. पाऊस कुठून आला?

आईनं कोपरानं ढोसलं नाही. ती सुनेकडे झुकली. तिला कमी ऐकू येत असल्यामुळे तिची कुजबुज मागच्या तीन बाकांपर्यंत जायची. "पण माझी किल्ली तर लागली होती गं."

आणि नेमक्या त्याच वेळी व्यासपीठावरून आवाज आला, "मग त्यानं काय केलं? आई यायच्या आधी त्यानं जुनं कुलूप परत बसवलं. चार स्क्रू!"

आईनं गीतांचं पुस्तक मिटलं. मांडीवरची पिशवी सरळ केली. उपासना संपेपर्यंत ती समोर बघत बसली, पाळकाकडेही नाही, त्याच्या मागच्या भिंतीकडे.

बाहेर पडताना लोकांनी किल्लीदादांचे हात हातात घेतले. हेच सगळ्यांत वाईट होतं. कुणी नाक मुरडलं असतं, कुणी टोमणा मारला असता, तर माणूस भांडून मोकळा झाला असता. पण सगळे खूश होते. "दादा, डोळे भरून आले हो." "असा संदेश वर्षातून एखादाच." चष्मेवाला म्हणाला, "आणि तो पावसाचा प्रसंग! डोळ्यांसमोर उभा राहिला."

"पाऊस नव्हता," किल्लीदादा म्हणाले.

घरी पोचले. दार बंद झालं आणि आधी बायको फुटली. "मला नाही सांगितलंत. पाळकाला सांगितलंत!"

"अगं, त्या दिवशी ते समोर होते..."

"मी तीस वर्षं समोर आहे. मला वाटायचं, हा माणूस एवढा बडबड्या, याच्या पोटात काही राहतच नसेल. आणि मी गाळणीसुद्धा दिली तुम्हाला!"

"ती वेगळी गोष्ट आहे."

"वेगळी कशी? देवाचं ते सगळ्यांचं ना? मग आज झालं सगळ्यांचं. बसा आता."

आई मात्र एक शब्द बोलली नाही. तिला काही हवं असलं की ती सुनेला सांगायची, दादा हातभर अंतरावर असले तरी. "त्याला सांग, मीठ इकडे दे."

"आई, हे घे मीठ."

"त्याला सांग, मी तुला सांगितलं."

दुकानात किल्लीदादा बसून राहायचे. सोमवारी एक शाळेचं कपाट उघडलं. मंगळवारी एका म्हाताऱ्याच्या पेटीची गंजलेली किल्ली त्यांच्या हातात मोडली. एरवी त्यातून त्यांनी निदान दोन धडे काढले असते. आता कपाट कपाट होतं आणि गंज गंज होता. एवढी वर्षं सगळ्या वस्तू त्यांच्याशी बोलत होत्या, आणि अचानक सगळ्यांनी तोंडं मिटली, आईसारखी. दादांना वाटलं, त्याही आपल्याला ओळखून आहेत आता.

गुरुवारी पाळक आला तो हसतच. गुडघे दुमडून स्टुलावर बसलासुद्धा. "दादा, काय सांगू तुम्हाला! तीन घरांतून मला निरोप आले. तुटलेल्या माणसांना फोन केलेत लोकांनी. शिवणवाल्या ताई बहिणीशी सात वर्षांनी बोलल्या. तुमच्या त्या एका..."

"उठा."

"आँ?"

"स्टुलावरून उठा."

पाळक उठला. उठल्यावर त्याचं डोकं लटकणाऱ्या किल्ल्यांना लागलं आणि सगळी भिंत किणकिणली.

"मी नाव घेतलं नव्हतं, दादा," तो हळूच म्हणाला.

"मंडळीत कुलपांचे कारागीर किती?"

पाळकानं खरोखरच विचार केला. "एक," तो म्हणाला.

"आणि पाऊस कुठून आणलात?"

"ते जरा... वातावरण म्हणून."

"माझ्या भावाला तुम्ही भिजवलंत! कोरडा होता तो. उकडत होतं त्या दिवशी."

"दादा, मला वाटलं... नेहमीसारखंच. तुम्ही गुरुवारी सांगता आणि मी..."

"गुरुवारचं रविवारी. हो. नऊ वर्षं मीच दिलं तुम्हाला. तेल दिलं, गाळणी दिली, सगळं दिलं, आणि मान वर करून ऐकलंही. पण हे दिलं नव्हतं हो. हे ठेवायला दिलं होतं." दादांचा आवाज फाटला. "माझ्या दुकानात लोक घराची किल्ली देऊन जातात. अख्खी किल्ली! मी तिची नक्कल करून घरी नेली तर मला काय म्हणाल?"

पाळकाचा चेहरा पांढरा पडला. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर दादांना फार सोपं गेलं असतं. "आईंना... माहीत नव्हतं?"

"तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. माईकवरून."

पाळक भिंतीला टेकला. पुन्हा किणकिण. "मी चुकलो," तो म्हणाला. "मी येत्या रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून तुमची माफी मागतो."

"नको!" किल्लीदादा इतक्या जोरात ओरडले की बेकरीवाला पिठाच्या हातांनी बाहेर आला. "हात जोडतो तुम्हाला. माफी मागितलीत की तिचाही संदेश होईल. त्यात गारा पडतील!"

पाळकानं खिशातून डायरी काढली आणि ते पान टरकन फाडलं. फाडल्यावर लक्षात आलं की पाठीमागे शनिवारच्या लग्नाची वेळ लिहिली होती. तो ते पान हातात घेऊन उभा राहिला, ना फेकता येतं ना ठेवता येतं असा. मग फार हळू म्हणाला, "मला क्षमा कराल?"

"करावी लागेलच. तेच तर शिकवता तुम्ही. पण आज नाही होणार," किल्लीदादा म्हणाले आणि मशीन सुरू केलं. कापायला एकही किल्ली नव्हती. पाळक वळून दिसेनासा होईपर्यंत त्यांनी ते रिकामंच फिरवलं.

शनिवार आला. महिन्याचा पहिला शनिवार, दुपारी चार, धाकट्याच्या फोनची वेळ. आईला ऐकू कमी येत असल्यामुळे फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात चालायचा. अशा वेळी किल्लीदादांना हटकून कुठलंतरी काम आठवायचं. मागच्या महिन्यात त्यांनी मागच्या दाराची बिजागरी काढून परत लावली होती, तिला काही झालेलं नसताना. आजही ते पेचकस घेऊन उठलेच होते.

"बस," आई म्हणाली.

सहा दिवसांनी पहिला शब्द. किल्लीदादा पेचकस हातात धरून बसले. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

फोन वाजला. "काय म्हणतेस, आई? गुडघा कसाय?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय. तू त्या संध्याकाळी घरी आला होतास?"

पलीकडे कपडे धुवायच्या मशीनची घरघर ऐकू येत होती. "कुणी सांगितलं?"

"पाळकानं. माईकवरून. पाऊस पडत होता म्हणे."

"पाऊस? पाऊस कुठला? उकडत होतं."

आठवडाभरात कुणीतरी पहिल्यांदा किल्लीदादांच्या बाजूनं बोललं होतं, आणि तो हाच निघावा! त्यांना एकदम रडू की हसू काहीतरी आलं.

"हा इथे बसलाय," आई म्हणाली. "त्याला काहीतरी सांगायचंय. बोल रे."

किल्लीदादांनी पेचकस खाली ठेवला. "मी आत होतो," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"दादा, तू कुलूप भारी बदललंस. पण दाराखालून दोन बोटं उजेड येत होता. तुझे पाय दिसत होते मला. माझ्या सपाता घातल्या होत्यास तू."

किल्लीदादांना त्या सपाता आठवल्या. निळ्या होत्या. टाच बाहेर राहायची. एकोणीस वर्षं आपण श्वास रोखून उभे होतो असं त्यांना वाटत आलं होतं, आणि समोरचा माणूस मान खाली घालून त्याच सपाता बघत होता.

"मग हाक का नाही मारलीस परत?"

"मारून काय करणार होतो? रेडिओ मी विकला होताच की."

"थांबा," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "म्हणजे तुलाही सगळं माहीत होतं. मी दर महिन्याला तुला नालायक म्हणत होते. न सांगता गेलास म्हणत होते. आणि तू ऐकून घेत होतास?"

"तू दादाकडे राहतेस, आई. रोज त्याच्या घरात उठायचं, त्याच्या टेबलावर जेवायचं. तुला सांगून तू जाणार कुठे होतीस? माझ्याकडे तेव्हा राहायला जागासुद्धा नव्हती."

किल्लीदादा टेबलाकडे बघत होते. ज्या गोष्टीसाठी त्यांनी पाळकाला दुकानातून उठवलं होतं, ती गोष्ट या माणसानं सांभाळली होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं, दर महिन्याला शिव्या खाऊन सांभाळली होती. ज्याच्या भरवशावर घरात घड्याळ ठेवता येत नव्हतं, त्यानं.

आईला मात्र तसं काही दिसलं नाही. ती टेबलाला धरून उठली. "दोघांनी मिळून," ती म्हणाली. "एकानं खोटं सांगितलं, दुसऱ्यानं ते चालवून घेतलं. आईला काय कळतंय! तिला पट्टी बांधलेली, ती पट्टी काढलीच नाहीत तुम्ही कधी. मी माझ्या पोराला एकोणीस वर्षं शिव्या दिल्या, आणि तुम्ही मला देऊ दिल्या." दारातल्या सुनेकडे वळून म्हणाली, "तो पाळक शहाणा आहे असं नाही. पण त्यानं तरी मला सांगितलं."

ती आपल्या खोलीत गेली. दार लागलं. आतून कडी पडल्याचा आवाज आला.

"आई?" फोनमधून धाकटा म्हणाला. "दादा, काय झालं?"

"आत गेली. कडी घातली."

"मग उघड ना. तुझं तर कामच आहे ते."

कडी कसली, पत्र्याची पट्टी होती. किल्लीदादांनीच बसवलेली. पातळ पोलादी पातं दोन फळ्यांमधून घातलं की अर्ध्या मिनिटात वर. पातं कपाटाच्या वरच्या खणात होतं. ते उठले, फोन उचलला आणि आईच्या दारापाशी जाऊन जमिनीवर बसले. एकसष्टाव्या वर्षी जमिनीवर बसताना माणसाचे जे काही आवाज होतात ते सगळे झाले.

"नाही उघडत," ते म्हणाले.

"मग काय करतोयस?"

"बसलोय."

मशीनची घरघर थांबली. पलीकडे धाकट्यानं खुर्ची ओढली असावी. "मीही आहे," तो म्हणाला. "फोन ठेवू नकोस."

बायकोनं दिवाणावरच्या दोन उश्या आणल्या. एक नवऱ्याच्या पाठीशी खुपसली आणि दुसरीवर स्वतः बसली, जरा अंतर राखून. तिचंही अजून मिटलेलं नव्हतं. किल्लीदादांच्या मनात काहीतरी येत होतं, नेहमीच्या धड्यासारखंच, पण ते त्यांनी गुरुवारसाठी उचलून ठेवलं नाही. येऊ दिलं आणि तसंच राहू दिलं.

पंधरा-वीस मिनिटांनी आतून खाट वाजली. मग काठीचा आवाज दारापर्यंत आला आणि दाराशीच थांबला.

"गेलात का रे दोघं?"

"नाही, आई," किल्लीदादा म्हणाले, आणि त्यांच्या हातातल्या फोनमधून पाठोपाठ आवाज आला, "नाही, आई."

दाराआड काठी एकदा जमिनीवर आपटली.

"मग बसा तसेच," आई म्हणाली.